मिठाच्या पाण्याचा अंगठा

डोळे फसतात, कान फसतात. स्पर्श मात्र माणसाला कधीच फसवत नाही. हे वाक्य माझे आहे. आमच्या प्राचार्यांच्या स्वागतपर भाषणासाठी मी ते लिहून दिले होते आणि त्यांनी ते तीनदा वाचले, कारण दोनदा वीज गेली. तिसऱ्या वेळेपर्यंत ते सभागृहाला पाठ झाले होते. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, त्याच सभागृहात, माझ्याच टेबलावर स्पर्शाने सगळ्यांना फसवले, आणि मी त्याला मदत केली.

मी मालवणची. पुण्यात शिकून परत आले आणि जिल्ह्यातल्याच एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवू लागले. परत का आलीस असे लोक विचारत, तेव्हा मी आईच्या गुडघ्यांचे कारण सांगत असे. आईचे गुडघे ठणठणीत होते. पुण्यात मला कोणी ठेवून घेतले नव्हते, एवढेच.

महाविद्यालय नवे होते. प्रयोगशाळेत विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे तीन ऑसिलोस्कोप होते आणि त्यांतल्या दोहोंवरचे प्लास्टिक काढायला मनाई होती, म्हणजे तपासणी आली की ते नवे दिसतील. तिसरा मला मिळाला. २००६ साली पावसाळ्यानंतर कधीतरी मालवणातल्या सायबर कॅफेत बसून मी एक परदेशी शोधनिबंध पानापानाने उतरवून घेतला. तो रोबोच्या बोटांविषयी होता. रोबोला कॅमेऱ्यातून अंडे दिसते, पण ते किती जोरात धरायचे हे कळत नाही. धरले की फुटते. माणसाच्या बोटात मधे हाड असते, भोवती मऊ मांस आणि वर कातडी. तसेच बोट करायचे: मधे कडक गाभा, वर रबराची कातडी, आणि दोन्हींच्या मधे द्रव. गाभ्यावर बारीक पिना बसवायच्या आणि द्रवातून वीज खेळवायची. बोट कशावर टेकले की कातडी दबते, पिनेवरचा द्रवाचा थर पातळ होतो, विजेला वाट अवघड होते, आणि तेवढ्यावरून कळते की कुठे आणि किती दाब आला. मार खायचा तो कातडीने आणि पाण्याने. नाजूक भाग आत सुरक्षित.

मला हे फार आवडले. त्यातला द्रव म्हणजे मिठाचे पाणी होते. मीठ आणि पाणी या दोन गोष्टींची आमच्याकडे कधीच टंचाई नव्हती.

पहिले बोट मी जेटीवरून आणलेल्या समुद्राच्या पाण्याने भरले. दहाव्या दिवशी ते आतून हिरवे झाले. मग बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी आणि तोलून घेतलेले मीठ. गाभा मी दातांच्या डॉक्टरांकडून आणलेल्या, कवळी करायच्या गुलाबी मसाल्याचा ओतला. कातडी सिलिकॉन रबराची. हवेचा एक बुडबुडा आत राहिला तरी आकडे नाचायचे, म्हणून बोट बादलीत बुडवून इंजेक्शनच्या सुईने भरायचे. तरीही पाणी रबरातून नकळत उडून जाई आणि आठवड्याने बोट म्हाताऱ्यासारखे सुरकुतलेले दिसे. या बोटाला वरखाली करायला मी एका मोडक्या प्रिंटरची मोटर लावली. रोबो म्हणायचे ते प्राचार्य. मी त्याला दांडा म्हणत असे.

एवढे झाल्यावर प्रश्न उरला की या बोटाने दाबायचे काय. शोधनिबंधात त्यांनी अंडी, चेंडू, कापडाचे तुकडे वगैरे दाबले होते. मी मालवणात राहत होते. मला बांगडा सुचला.

इथे मावशीविषयी सांगायला हवे. मावशी म्हणजे नात्याची नव्हे. मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या घरी तिच्याकडचेच मासे यायचे. बाजारात तिची जागा ठरलेली होती, आणि तिच्या जागेचा एक नियम होता जो बाजारात दुसऱ्या कोणाकडे चालला नसता. मासे घेणारा माणूस मासा दाबून बघतोच. अंगठा रुतला आणि खळगा भरून आला तर ताजा, खळगा तसाच राहिला तर शिळा. मावशीच्या माशाला कोणी अंगठा लावायचा नाही. कोणी नवखा लावायला गेला तर ती त्याचा हात हवेतच अडवी आणि म्हणे, "बोट लावूचा नाय. मी सांगतंय ता खरा. व्हयो तर घे, नको तर ऱ्हवांदे." ती स्वतः मात्र जेटीवर लिलावात घेताना प्रत्येक मासा दाबून घेई. तिने दाबलेला मासा दुसऱ्याने दाबायचे कारण नाही, असा हिशेब होता. आणि तो लोकांना मान्य होता. सकाळचा असेल तर ती सकाळचा म्हणे, कालचा असेल तर पाटीतच ठेवत नसे. देवबागचा एक माणूस घरात पर्यटक ठेवायचा. त्याचा मासा रोज तिच्याकडून जाई, आणि तो पिशवी उघडूनही बघत नसे. बाजारातल्या इतर बायका तिला 'महाराणी' म्हणत. ते कौतुकाने नव्हते, पण खोटेही नव्हते.

मी तिच्याकडे गेले ते अंगठ्यासाठी. रोबोच्या बोटाला आकार कोणाचा द्यायचा, तर जो अंगठा तीस वर्षे हेच काम करतो आहे त्याचा, असे मला वाटले. दाताचा साचा घ्यायची पेस्ट वाटीत कालवून मी तिच्यापुढे धरली.

"तुका माजो आंगठो कित्याक व्हयो गो? खंयच्या जमनीचे कागद करतंस?"

"मशीनला लावायचाय, मावशी."

"माज्या अंगठ्यान सही करूक मशीन शिकतला?"

"मासे दाबायला शिकेल."

तिने हात लुगड्याला पुसला. मग तिने अंगठा वाटीत बुडवला. पेस्ट घट्ट होईपर्यंत चार मिनिटे लागतात. तेवढ्यात दोन गिऱ्हाइके आली आणि तिने दोघांना डाव्या हाताने मासे दिले. साचा उघडून बघितला तर रेषा जवळजवळ नव्हत्याच. खवले, कोयता आणि खारे पाणी यांनी घासून अंगठा गुळगुळीत झाला होता. शोधनिबंधात बोटांवरच्या रेषांचे महत्त्व दोन पाने सांगितले होते. मी ती दोन पाने बाजूला ठेवली.

पुढचे पाच-सहा महिने मी बांगडे दाबले. सकाळी मावशीकडून ताजे घ्यायचे, बसने महाविद्यालयात न्यायचे (बसमध्ये माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामी मिळे), दांड्याने दाबायचे, आकडे उतरवायचे. त्यांतलेच काही थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिळे म्हणून दाबायचे. खूप आकडे जमल्यावर ताजा आणि शिळा यांच्यात फरक नेमका कुठे पडतो ते मी शोधू लागले. दाबताना फारसा पडत नव्हता. पण बोट उचलल्यावर पडत होता. ताज्या माशावरून बोट उचलले की आकडा लगेच मूळ जागी यायचा. शिळ्यावरून उचलले की तो रेंगाळायचा. आणि हे प्रत्येक वेळी होत होते, एकही अपवाद नाही. अपवाद नसणे संशयास्पद असते हे मी मुलांना दरवर्षी शिकवत असे. स्वतःच्या बाबतीत मला ते सुंदर वाटले. शिळे मांस सैल झालेले असते, ते बोटाच्या कातडीला धरून ठेवते, असा सिद्धान्तही मी तयार केला. तांबडा दिवा शिळ्याला, हिरवा ताज्याला. दिवे लागू लागले.

प्राचार्यांनी ते एकदा पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर बॅनर दिसू लागला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कोणतीही गोष्ट पाहुण्यांशिवाय झाली की ती झालीच नाही असे वाटे. मुंबईहून एक मोठे निवृत्त अधिकारी येणार होते, त्यांची तारीख मिळाली. बॅनर छापून आला: 'कोकणच्या मातीतला जागतिक रोबो'. मातीचा संबंध मला कळला नाही. मी दोन साड्या बघून ठेवल्या.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी मावशीला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आले. पाहुण्यांसमोर तीही टेबलाशी उभी राहावी अशी माझी इच्छा होती. खरे तर फोटो चांगला आला असता. तिने दारात चपला काढल्या. मी नको म्हटले तरी काढल्या. मग दांड्याच्या टोकाला असलेला आपला अंगठा तिने बघितला.

"गोरो केलंस," ती म्हणाली.

मी एक ताजा बांगडा ठेवला. हिरवा दिवा. खोक्यातला दोन दिवसांचा ठेवला. तांबडा. पुन्हा ताजा, पुन्हा हिरवा. मी तिच्याकडे पाहिले. ती खोक्याजवळ गेली, झाकण उघडून आत हात घातला.

"ह्यात बरफ आसा."

"शिळे म्हणजे कुजलेले नकोत ना. म्हणून बर्फात ठेवते."

"नि ताजे?"

"ते पिशवीतून थेट."

तिने तिच्या पाटीतला सकाळचा एक बांगडा काढला, बर्फात खोल दाबला आणि म्हणाली, "चाय सांग." आम्ही चहा प्यायलो. ती मला माझ्या लग्नाविषयी विचारत राहिली. नंतर तिने तो बांगडा काढला, पदराने पुसला आणि दांड्याखाली ठेवला.

"आता लाव."

तांबडा दिवा लागला.

"बाय," मावशी म्हणाली, "तुज्या मशिनीक थंड कळता. शिळा कळना नाय."

मला लगेच समजले, आणि हेच सर्वांत वाईट होते. मिठाचे पाणी गार झाले की त्यातून वीज कमी जाते. बारावीचे मूलही हे सांगेल. बोट गार माशावर टेकले की आतले पाणी गार होई आणि उचलल्यावर पुन्हा कोमट व्हायला वेळ घेई. आकडा रेंगाळायचा तो तेवढा वेळ. सैल मांसाचा आणि माझ्या सिद्धान्ताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सहा महिने खपून मी एक थर्मामीटर बनवला होता, अंगठ्याच्या आकाराचा.

"सुधारता येईल," मी म्हटले.

"मगे सुधार. दोन दीस आसत." ती चपला घालून निघून गेली.

दोन दिवसांत ते सुधारणार नव्हते. द्रवात तापमान मोजणारा वेगळा भाग बसवून सगळे मासे पुन्हा दाबायला हवे होते. त्याला महिने लागले असते. प्राचार्यांना सांगायला मी त्यांच्या केबिनपर्यंत गेले. ते फोनवर कोणाला तरी नारळ किती लागतील ते सांगत होते. त्यांनी हाताने मला बसायची खूण केली, आणि मी बसले, आणि फोन संपेपर्यंत मला एक तोडगा सुचला. ताजे मासे बर्फाबाहेर ठेवायचे, शिळा बर्फात. दिवे बरोबर लागतील. ताज्याला ताजा, शिळ्याला शिळा. उत्तर खरे असेल. फक्त कारण वेगळे असेल, आणि कारण कोणी विचारणार नव्हते. मी स्वतःला असेही सांगितले की यात खोटे काहीच नाही. मी बऱ्यापैकी वाचलेली बाई आहे. स्वतःला पटवायला मला वाक्ये कमी पडत नाहीत.

"काय मॅडम, सगळं तयार?" प्राचार्यांनी फोन ठेवत विचारले.

"तयार," मी म्हटले.

त्या संध्याकाळी मी बाजारात जाऊन मावशीला सांगितले की परवा तीन बांगडे घेऊन ये. दोन सकाळचे, आणि एक आदल्या दिवसाचा, बर्फात घातलेला.

"आदल्या दिसाचो माज्याकडे ऱ्हवना नाय."

"ठेव ना एक. माझ्यासाठी."

"बरफात व्हयो?"

"हो, बर्फात."

सुधारलेस का, असे तिने विचारले असते तर मी काय सांगितले असते मला माहीत नाही. तिने विचारले नाही. तिला विचारायची गरज वाटली नव्हती, हे मला पुढे कळले.

कार्यक्रमाला सभागृह भरले होते. समई होती, शाली होत्या, आणि समई पेटवताना पंखे बंद केल्यामुळे सगळे घामाघूम होते. गावातले 'मान्यवर' पहिल्या दोन रांगांत होते. देवबागचा तो पर्यटक ठेवणारा माणूस दुसऱ्या रांगेत होता, कारण त्या वर्षापासून तो उद्योजक झाला होता. मावशी इस्त्री केलेले हिरवे लुगडे नेसून टेबलाशी उभी होती. प्राचार्यांनी माझे वाक्य तीनदा वाचले. पाहुणे उठून टेबलाजवळ आले आणि माइक हातात घेऊनच म्हणाले, "म्हणजे आमच्या ताटात रोज काय येतं, ते आज कळणार." लोक हसले. मावशीही हसली.

पहिला बांगडा तिने स्वतः ठेवला. दांडा खाली आला, वर गेला. हिरवा. टाळ्या. दुसरा, हिरवा. टाळ्या. तिसरा तिने बर्फाच्या डब्यातून काढला, आणि तो ठेवताना मला त्याचा डोळा दिसला. फुगीर, काळाभोर, चकचकीत. अंगावरचे पट्टे हिरवेनिळे. त्या माशाला समुद्र सोडून जेमतेम चार तास झाले असतील. मावशीने माझ्याकडे बघून भुवई किंचित उचलली, जसे कोणी आपल्या माणसाला गुपचूप भेट देताना करते.

शिळा मासा हातात घेऊन पन्नास माणसांपुढे उभे राहणे तिला जमणार नव्हते. तेव्हा तिने तिन्ही ताजे आणले होते. मी बर्फात म्हटले म्हणून एक बर्फात घातला होता. आणि मी म्हटले होते की सुधारता येईल, म्हणून मी दोन दिवसांत यंत्र सुधारले असणार हे ती धरूनच चालली होती. आता तिन्हींना हिरवा दिवा लागेल, माझे यंत्रही खरे ठरेल आणि तिची पाटीही.

मला दांडा थांबवता आला असता. बटण माझ्या हाताखाली होते.

तांबडा दिवा लागला.

आधी कोणाला काही कळले नाही. मग प्राचार्यांनी माइकवर जाहीर केले, "शिळा!" आणि सभागृहात हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "महाराणी गावली रे." पाहुणे म्हणाले, "मावशी, पकडलं तुम्हाला." ते अगदी खेळकरपणे म्हणाले. दुसऱ्या रांगेतला माणूस हसत नव्हता. तो मावशीकडे बघत होता.

"ह्यो सकाळचो बांगडो आसा," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कल्ले उघडून बघा. बरफात होतो म्हणान ह्याका तसा दिसता. ह्या बायेक म्हायत आसा. विचारा तिका."

पाहुण्यांनी कल्ले उघडले नाहीत. त्यांनी पांढरी सफारी घातली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "काय मॅडम? तुमचं यंत्र काय म्हणतं?"

मी घरी मालवणीच बोलते. मावशीशीही एरवी तशीच बोलायचे. यंत्रासाठी तिच्याकडे जायला लागले तेव्हापासून का कोण जाणे, पुण्याचे बोलू लागले होते. त्या क्षणी तर मी अगदी स्वच्छ, सावकाश, पुस्तकी मराठीत म्हणाले:

"यंत्राला कोणाची बाजू नसते."

या वाक्याला त्या दिवसातल्या सर्वांत मोठ्या टाळ्या मिळाल्या. प्राचार्य तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवत होते. मावशी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे; एखादा मासा दाबला आणि खळगा भरून यायची वाट बघतो, तशी. मग तिने तिन्ही बांगडे उचलले, डब्यात घातले, आणि भाषणे चालू असतानाच मधल्या वाटेने निघून गेली. शाल तिच्यासाठीही आणली होती. ती प्राचार्यांनी मला दिली.

पुढच्या आठवड्यात मी बाजारात गेले तेव्हा एक बाई मावशीच्या बांगड्यात अंगठा रुतवत होती. मावशीने तिचा हात अडवला नाही. शेजारच्या कोळणीने हाक मारली, "मावशे, आज मशीन आणूक नाय?" आणि चार-पाच जणी हसल्या. देवबागच्या माणसाचा मासा त्याच कोळणीकडून जाऊ लागला होता. मावशी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला, त्याने न विचारता, कल्ले उघडून दाखवत असे. तीस वर्षांत तिने हे कधी केले नव्हते. काही जण कल्ले बघूनही दाबत.

मी रोज तिच्याकडूनच मासे घेऊ लागले, आई आणि मी अशा दोघींना लागतात त्याच्या तिप्पट. आमच्या आळीतली मांजरे त्या वर्षी धष्टपुष्ट झाली. ती मासे देई, पिशवीत घाली. फक्त पूर्वी ती मला 'बाय' म्हणायची. आता 'मॅडम' म्हणू लागली. "मॅडम, बांगडे की सौंदाळे?" एवढेच. मी सांगायला तोंड उघडले की ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे. निदान मी तसे म्हणत आले. खरे म्हणजे मी तोंड फारसे उघडत नव्हते.

प्रयोगशाळेत मी बोटात तापमानाचा भाग बसवला आणि गारव्याचा परिणाम आकड्यांतून वजा करायला शिकवले. वर्षभर पुन्हा बांगडे दाबले. गारवा वजा केल्यावर माझ्या बोटाला ताजे आणि शिळे यांतला फरक काहीच कळत नव्हता. नाणे उडवून जेवढे बरोबर येते तेवढे येत होते. निदान हे तरी कोणाला सांगावे, म्हणून मी एक निबंध लिहिला. त्याला महाविद्यालयाच्या स्मरणिकेत जागा नव्हती. तिथे तांबड्या दिव्याचा रंगीत फोटो होता.

अखेर २०१० मध्ये, एका सकाळी, बाजार भरलेला असताना मी मावशीच्या पाटीपुढे उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. मालवणीत सांगितले. की तो बांगडो ताजो होतो. माका तेव्हाच कळलेला. मशिनीक फक्त थंड कळायचा, ह्या मावशीन माका दोन दीस आधी सांगलेला, आणि मी सभेत गप ऱ्हवलंय.

बायका ऐकत होत्या. त्यांचे हात थांबले नव्हते. शेजारच्या कोळणीने सुरमईचे डोके उडवले आणि विचारले, "मगे मशीन खोटा की तू खोटी?"

"मी."

"तर मशीन बरा," ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही.

"झाला सांगून?" तिने मला विचारले.

"हो."

"तीन वर्सांनी लोक इसारलेले. आज परत याद करून दिलंस." तिने पाटीवर पाणी शिंपडले. "तेवा बोलूक व्हया होता. तेवा मी तुज्याकडे बघी होतंय."

मी उभीच राहिले. माझ्यामागे एक गिऱ्हाईक आले होते. त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि एक बांगडा दाबून पाहिला. मावशी त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

"बाजूक हो," ती मला म्हणाली. "गिऱ्हाईक आसा." मॅडम म्हणाली नाही. बायही म्हणाली नाही.

तिथून मी थेट महाविद्यालयात गेले. महाविद्यालयाची मान्यता ठरवणारी समिती यायची होती आणि प्राचार्य अहवालाची बांधणी करून घेत होते. मी सगळे त्यांना सांगितले, आणि म्हटले की तो प्रकल्प अहवालातून काढा, किंवा निदान खरे काय ते लिहा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, समितीला कोणी अपयश दाखवतं का? पण तुमच्या भावना मी समजू शकतो." माझ्या भावनांचा विचार करून त्यांनी तो प्रकल्प 'संशोधन' या भागातून खरोखरच काढला.

अहवाल छापून आला तेव्हा तो 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण' या सदराखाली होता. पुढे तीन रकाने होते. उपक्रम: रोबो. स्थिती: पूर्ण. लाभार्थी महिला: एक.